हौदात उरलेले मासे

आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये दोन कॉलमच्या मधोमध एक दगडी हौद आहे. नवीन भाडेकरू आला की गाडी मागे घेताना पहिल्याच आठवड्यात त्याला धडकतो आणि मग वॉचमनला विचारतो, हे काय मध्येच? आधी तिथे गोठा होता. मोशीत तेव्हा शेती होती आणि माझ्या सासरचे बैल त्या हौदावर पाणी प्यायचे. त्यांच्या माना घासून घासून हौदाची एक कड अजून गुळगुळीत आहे. जमीन बिल्डरला दिली तेव्हा माझ्या सासूबाईंनी, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, एकच अट घातली होती. हौदाला हात लावायचा नाही. बिल्डरने नकाशा पसरून एक पार्किंग वाया जातंय म्हणून सांगितलं, सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, समजावून पाहिलं. आत्याबाई म्हणाल्या, "मग बिल्डिंगच ऱ्हाऊ द्या." शेवटी बिल्डिंगही झाली आणि हौदही राहिला.

बैलांविना हौदातलं पाणी साचलं, डास झाले. मग महापालिकेची आरोग्याची माणसं येऊन त्यात गप्पी मासे सोडून गेली. आत्याबाईंना त्या माशांचा असा काही लळा लागला की गप्पीवर त्यांचं भागेना. आप्पांच्या मागे गाडीवर बसून त्या भोसरीला गेल्या आणि दुकानातून लाल मासे घेऊन आल्या. त्यातल्या नराच्या शेपटीच्या खालच्या टोकाला लांब, टोकदार काटा येतो, कमरेला तलवार लटकवल्यासारखा. दुकानात त्यांना स्वोर्डटेल म्हणतात. आत्याबाई त्यांना तलवारवाले म्हणायच्या. त्यांच्यापुढे गप्पी काही टिकले नाहीत. तलवार फक्त नराला. मादी साधी, गोल पोटाची, नवऱ्यापेक्षा अंगाने भरलेली. हे मासे अंडी घालत नाहीत, जिवंत पिल्लं देतात. पिल्लं जन्मतात आणि त्याच क्षणी पोहायला लागतात. "म्हशीवानी हाय," आत्याबाई कौतुकाने म्हणायच्या. कुठल्याही प्राण्याची त्यांनी याहून मोठी स्तुती केलेली मी ऐकली नाही.

शेती होती तेव्हा लेकीबाळी माहेराहून निघाल्या की गाडीत शेंगा, तूप, नव्या ज्वारीचं पोतं जायचं. शेती गेली, म्हशी गेल्या, आता द्यायचं काय? मॉलमधली मिठाई? आत्याबाईंनी यावर स्वतःच उपाय काढला. कुणीही लेक, पुतणी, भाची निघाली की कुंकू, खण, नारळ आणि वर पाण्याने टम्म फुगलेली एक प्लास्टिकची पिशवी. तिच्यात तलवारवाल्यांची एक जोडी. पिशवी रबराने आवळून बांधलेली असायची आणि वर ताकीद असायची, "पिशवी धुऊन माघारी आण, पुढल्या खेपेला लागंल."

जोडी त्या स्वतः निवडायच्या. पिल्लांमधल्या एखाद्याला सगळ्यांआधी तलवार फुटली, रंग चढला, की हौदाच्या कडेवर बसून जाहीर करायच्या, हा थोरलीचा. पुढचा धाकटीचा. धीट, चपळ, लवकर वयात आलेला नर हौदात महिनाभर टिकायचा नाही.

मला त्यांनी कधी जोडी दिली नाही. माझं माहेर लातूरकडे. दिवाळीला मी निघायचे तेव्हा खण मिळायचा, नारळ मिळायचा, पिशवी नाही. एकदा न राहवून मी विचारलं तर म्हणाल्या, "तुला कशाला? तू हितंच हायस. हौद तुझाच हाय की." हे वाक्य ऐकायला चांगलं आहे. पण त्या घरात आंब्याच्या पेटीतले वरच्या थरातले आंबेही लेकींचेच असायचे आणि पेटीच्या तळाशी जे दबून उरायचं ते आमचं असायचं. आंबेही माझेच होते म्हणायचे. मला राग यायचा. मी तो गिळायचे असंही नाही, भांडी जरा जोरात ठेवायचे. आत्याबाई बाहेरून विचारायच्या, "काय फुटलं ग?"

त्या गेल्या वर्षी गेल्या. आजारपण लांबलं नाही, कुणाला फार करावं लागलं नाही, जशा घाईत राहिल्या तशाच गेल्या. तेराव्याला घर भरलं होतं. निघायच्या वेळी थोरल्या नणंदबाई हौदाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आईची आठवण म्हणून एक जोडी नेते. मग धाकट्या म्हणाल्या. मग पुतण्या, भाच्या. सगळ्याच त्या घरच्या लेकी, नाही कुणाला म्हणायचं? आप्पा पीठ चाळायची जुनी चाळण घेऊन हौदाच्या कडेवर बसले आणि एकामागून एक जोड्या काढून देत राहिले. संध्याकाळपर्यंत हौदातले सगळे तलवारवाले आणि सगळ्या भरल्या पोटाच्या माद्या गावोगावी गेल्या.

मागे राहिला एक म्हातारा नर. त्याला चाळण ओळखू यायची, तो कुणाला सापडलाच नाही. हौदातला सगळ्यात थोराड मासा, तलवार बोटाएवढी, रंग थोडा विटलेला. आत्याबाई त्याला कारभारी म्हणायच्या. आप्पांच्या देखत म्हणायच्या आणि आप्पा पेपर वर धरायचे. आणि त्याच्या जोडीला शेवाळात लपलेली, कुणाच्या नजरेत न आलेली पिल्लं होती. शेंगदाण्याच्या सालाएवढी असतील.

ती पिल्लं वाढली. आप्पा सकाळी चहाआधी खाली जायचे, भाकरीचा चुरा टाकायचे, कारभारी वर यायचा आणि त्यांच्या बोटाला तोंड लावायचा. बायको गेल्यावर माणूस कुणाशी बोलतो ते घरच्यांना कळतंच असं नाही. आमचे आप्पा हौदाशी बोलायचे. पावसाळा सरला तरी हौदात नवीन पिल्लू दिसेना. आणि एक दिवस वर येऊन त्यांनी मला विचारलं.

"वरीसश्राद्धाला पोरी येत्याल. निघताना जोड्या द्यायच्या हायत. ती द्यायची तशा."

"देऊ की," मी म्हणाले.

"नर कुठंत पण?"

ते एवढंच बोलले आणि खुर्चीत बसले. आत्याबाई गेल्यापासून त्यांनी काहीही मागितलं नव्हतं. चहात साखर कमी पडली तर तीही नाही. मी तेव्हाच ठरवलं की वर्षश्राद्धाला जोड्या जाणार.

माझी नोकरी चाकणला आहे, एका कारखान्यात, फायनल इन्स्पेक्शनला. गाड्यांचे सुटे भाग माझ्या टेबलावरून जातात. चांगला असेल तो निळ्या ट्रेमध्ये, बाद असेल तो लाल पेटीत. शंका आली तर लिमिट सॅम्पल असतं, म्हणजे पास झालेला एक नमुना, त्याच्याशी ताडून बघायचं. माझ्या नजरेतून केसाएवढी चीर सुटत नाही असं आमचे साहेब म्हणतात आणि मी त्यांना खोटं पाडत नाही. मासे म्हणजे काय मोठी गोष्ट? रविवारी मी पांढरा टब घेतला, कंपनीत वापरते तसलं भिंग घेतलं आणि हौदाशी बसले. आप्पा चाळणीने एकेक मासा टबात सोडायचे आणि मी तपासायचे.

काय बघायचं ते मला आत्याबाईंकडून ऐकून माहीत होतं. मादीच्या पोटाशी, शेपटीच्या अलीकडे, काळसर डाग असतो. तिचा पोटाखालचा मागचा पर छोट्या पंख्यासारखा उघडा असतो. नर वयात आला की त्याचा तोच पर मिटत मिटत काडीसारखा होतो, त्या काडीनेच तो मादीच्या पोटात बीज सोडतो. तलवार त्यानंतर फुटते. लिमिट सॅम्पल म्हणून समोर कारभारी होताच. मी सगळे मासे पाहिले, शंका आली तिथे दोनदा पाहिले. एकाचाही पर मिटलेला नव्हता. बऱ्याच जणांच्या पोटावर डाग होता.

"सगळ्या माद्या आहेत, आप्पा."

"समद्या?"

"समद्या."

आप्पांनी चाळण झटकून कॉलमला टेकवून ठेवली. "मग हा वंश हितंच थांबला म्हण," ते म्हणाले. कारभारी माद्यांच्या मागे मागे फिरायचा, पण फिरण्यापलीकडे त्याच्यात काही उरलं नव्हतं.

वास्तविक नर गावोगावी गेलेलेच होते. एखादा परत आणला असता तर प्रश्न मिटला असता. आप्पा म्हणाले, लेकींना दिलेलं माघारी मागत नसत्यात. मी त्यांच्या माघारी सगळ्यांना फोन केले. थोरल्या नणंदबाईंचे मासे फ्रिजवरच्या काचेच्या वाडग्यात होते, ते उन्हाळ्यात गेले. धाकट्यांचे सोसायटीच्या मांजराने खाल्ले. एका पुतणीने सांगितलं की तिच्या माशांना एसी बाधला. दुसरी म्हणाली, "अगं वहिनी, कुठले मासे?" मी फोन ठेवला. त्या दिवशी माझ्या हातून एक ताट खरंच फुटलं.

मग उरला बाजार. मी आप्पांना म्हणाले, भोसरीहून एक नर आणू, कुणाला काय कळतंय? आप्पा म्हणाले, "मला कळंल." त्यांचं म्हणणं साधं होतं. दुकानातला नर आला की पिल्लं अर्धी दुकानाची. पोरींच्या हातात द्यायचं ते तिचं पाहिजे. तरी मी कंपनीतून येताना दुकानात डोकावले. दुकानदार चाचा आत्याबाईंना ओळखायचे. त्या गेल्याचं ऐकून त्यांनी हातातली जाळी खाली ठेवली. मग म्हणाले, "भाभी, नर मत लो अभी. थोडा रुको. इस मछली में मादी का ही नर बन जाता है. हमने कितनी बार देखा." मला हसू आलं. म्हटलं, चाचा, असं झालं असतं तर आमच्या गावात कितीतरी बायका एव्हाना सरपंच होऊन मिशीला पीळ देत बसल्या असत्या. चाचाही हसले, पण आपलं म्हणणं त्यांनी सोडलं नाही.

त्यानंतर मी रोज कंपनीची बस येईपर्यंत हौदाशी थांबायला लागले. कामाची सवय असलेली बाई रिकाम्या हाताने उभी राहिली की तिला काहीतरी दिसतंच. मला कारभारी दिसला. बहुतेक माशांच्या पुढे तो मागे-पुढे नाचायचा, पर पसरायचा, अंग वाकवायचा, लग्नातल्या बँडपुढच्या काकांसारखा. पण काही थोड्यांच्या पुढे तो नाचायचा नाही. त्यांच्यावर तो सरळ धावून जायचा, बरगडीत धडक द्यायचा आणि कोपऱ्यात दाबायचा. ते मासे निमूट शेवाळात जायचे. अंगापिंडाने चांगले भरलेले होते, एक तर कारभाऱ्याला लागत आलेला. मी भिंग आणलं, पुन्हा पाहिलं. पर उघडा, पोटाला डाग. माझ्या हिशेबाने ती मादीच होती. कारभाऱ्याच्या हिशेबाने नव्हती.

मग बसमध्ये, पुणे-नाशिक रोडच्या ट्रॅफिकमध्ये, मी फोनवर मासे पाळणाऱ्या लोकांचं वाचत बसायला लागले. चाचांसारखं म्हणणारे तिथे पुष्कळ होते, मादीचा नर झाला म्हणून फोटो टाकणारे. पण ज्यांनी जास्त खोलात पाहिलं होतं ते वेगळं सांगत होते. हे नरच असतात, उशिरा वयात येणारे. तोवर अगदी मादीसारखे दिसतात, पोटावरच्या डागासकट. काही घराण्यांत ते रक्तातच असतं. आणि हौदात एखादा मोठा, दांडगा नर असला की असे तरुण नर आणखीच थांबतात. वयात आलं की मार खावा लागतो, तर येतात कशाला? थांबतात आणि वाढत राहतात. नराची वाढ तो वयात आला की जवळजवळ संपते, म्हणून जो लवकर वयात येतो तो लहानच राहतो. जो थांबतो तो मोठा होतो.

बस चाकणला कधी पोचली ते मला कळलं नाही. उतरले तेव्हा आनंद झाला होता, पण आता आप्पांना सांगायचं होतं.

संध्याकाळी सांगितलं. कारभाऱ्याला हौदातून काढायला हवं, मग बाकीचे नर दिसतील.

आप्पा ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "त्याला न्हाई हलवायचं."

"मरणार नाही, आप्पा. वेगळ्या पाण्यात ठेवू."

"तिच्या हातचं खाल्लेला तेवढाच एक राह्यलाय त्या हौदात."

माझ्या ओठांवर आलं होतं की आम्हीपण तिच्याच हातचं खाल्लंय, आम्हीपण राहिलोय. पण आप्पांच्या तोंडाकडे बघून मी बोलले नाही. भांडीही हळू ठेवली.

त्यानंतर बरेच दिवस आमच्यात फक्त कामापुरतं बोलणं झालं. चहा घ्या, घेतो. बस आली, आली. नवऱ्याने मध्ये पडायचा प्रयत्न केला. तो धाकटा, दोन बहिणींच्या पाठीवर खूप वर्षांनी झालेला. बोलायला उशिरा लागला, आयटीआय उशिरा झालं, नोकरी उशिरा, लग्न उशिरा. वाद मिटवायलाही तो नेहमी वाद संपल्यावर येतो. या वेळी मात्र वेळेवर आला आणि आप्पांना म्हणाला, "माशांचं काय एवढं?" आप्पांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो गाडी पुसायला खाली गेला.

मला राग आप्पांचा नव्हता. वर्षश्राद्ध जवळ येत होतं आणि मला दिसत होतं की त्या दिवशी लेकी निघतील आणि हा माणूस रिकाम्या हाताने दारात उभा राहील. ते मला बघवलं नसतं.

एका सकाळी मी डबा घेऊन खाली उतरले तर आप्पा हौदाशी तांब्या घेऊन उभे. चाळण नाही, तांब्या. त्यांनी डाव्या हाताच्या बोटाला भाकरीचा चुरा लावला होता. कारभारी नेहमीसारखा वर आला, बोटाला लागला, आणि आप्पांनी तांब्या खालून अलगद वर घेतला. त्याने धडपडही केली नाही.

"थोरला बैल दावणीला असला की गोऱ्हा मान वर करत न्हाई," आप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले. "मला ठाव हाय ते. तू मला मासं काय सांगतीस?"

मी म्हणाले, "व्हय, आप्पा." एरवी त्यांच्याशी होय म्हणणारी मी तेव्हा व्हय म्हणाले. त्यांनी तांब्यावर हात झाकून धरला आणि जिना चढायला लागले. लिफ्ट होती, पण लिफ्टमध्ये पाणी हिंदकळतं असं त्यांचं मत. त्याच दिवशी भोसरीहून काचेची पेटी आली आणि त्यांच्या खाटेशेजारच्या टेबलावर बसली. आत्याबाईंचा फोटो वर भिंतीवर, कारभारी खाली पेटीत.

मग काही आठवडे काहीच झालं नाही. आप्पा रोज विचारायचे, "दिसतंय का?" मी भिंग लावून म्हणायचे, नाही. माझीही खात्री डळमळायला लागली. आणि एक दिवस त्या सगळ्यात थोराड माशाचा पर मला जरा पुढे झुकलेला वाटला. पुढच्या रविवारी तो पंखा अर्धा मिटला होता. मग त्याची काडी झाली. मग शेपटीच्या खालच्या टोकाला पिवळसर, इवलासा अंकुर आला. मी आप्पांना हाक मारली. जिना उतरताना त्यांना धाप लागली होती. ते वाकले, बराच वेळ बघत राहिले, आणि कडेवर बसून त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. मला म्हणाले, पाणी उडालं.

पण आता हा थोराडच कारभारी झाला. तो बाकीच्यांना दाबायला लागला आणि बाकीचे पुन्हा थांबले. मी कंपनीवाली बाई, लाइन अडली की ती तोडून काम वेगवेगळ्या टेबलांवर वाटायचं, हे मला येतं. जुन्या कारभाऱ्याने ज्यांना ज्यांना धडका दिल्या होत्या ते मी पाहून ठेवलेच होते. बिल्डरच्या रंगाच्या मोकळ्या बादल्या गच्चीवर पडल्या होत्या, त्या घासून घेतल्या आणि एकेकाला एकेक बादली दिली. पार्किंगमध्ये ओळीने बादल्या, वर जाळी. सोसायटीच्या चेअरमननी विचारलं, हे कशासाठी? मी म्हटलं, मुलांना अभ्यासाला स्वतंत्र खोल्या दिल्यात. ते गेले ते परत आले नाहीत. बादल्यांमधल्यांना एकामागून एक तलवारी फुटायला लागल्या. हौदात तो थोराड आणि माद्या, आणि लवकरच माद्यांची पोटं दिसण्याइतकी गोल झाली.

थोराडाची तलवार आता कारभाऱ्यापेक्षा लांब होती. इतका मोठा मासा मी आत्याबाईंच्या काळातही पाहिला नव्हता. तो असा का, ते माझ्या लक्षात आलं तेव्हा मी कणीक मळत होते. आत्याबाई वर्षानुवर्षं लवकर तलवार फुटलेला नर लेकींना देऊन टाकत आल्या. मागे राहायचे ते उशिराचे. पिल्लं पुन्हा त्यांचीच. त्यातूनही लवकर येणारा पुन्हा पिशवीत. आत्याबाईंनी नकळत चाळून चाळून या हौदात फक्त उशिराचे ठेवले होते. म्हणून तर तेराव्यानंतर नर दिसेना, आणि म्हणूनच आता दिसला तो असा दिसला.

मी हे नवऱ्याला सांगितलं. तो चहा पीत होता. कप न ठेवताच म्हणाला, "म्हणजे आईनं घरात सगळे लेट लतीफच ठेवले."

"तुझ्यासकट," मी म्हणाले.

"आणि तुझ्यासकट. तुला तरी ह्या घरात कुठं लवकर जमलं?"

मी त्याच्या हातातून कप काढून घेतला. पण मला आत्याबाईंचा राग येईना. आला असता तर बरं वाटलं असतं. वरचे आंबे लेकींना आणि तळाचे आम्हाला, पण त्या स्वतः काय खायच्या ते मी तेव्हा बघितलंच नव्हतं. आमचं झाल्यावर जे उरायचं ते. त्या जेवायला बसल्या की मी ओटा पुसत असायचे, पाठमोरी.

वर्षश्राद्ध झालं. लेकी, पुतण्या, भाच्या राहिल्या, पत्ते खेळल्या, रडल्या, झोपल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायची वेळ झाली तेव्हा आप्पा आधीच हौदाशी होते. बादल्यांतला एकेक नर आणि हौदातली एकेक मादी, पिशव्या बांधून तयार. मी प्रत्येकीला कुंकू लावून ओटी भरली आणि आप्पांनी पिशवी हातात दिली. "वाडग्यात ठेवू नगं. आन पिशवी धुऊन माघारी आण," प्रत्येकीला तेच सांगितलं. धाकट्या नणंदबाई पिशवी छातीशी धरून गाडीत जाऊन बसल्या आणि आतून काच वर करून रडल्या.

हौदाच्या कडेवर एक पिशवी उरली. तिच्यात तो थोराड होता आणि त्याच्याबरोबर सगळ्यात भरलेली मादी. थोरल्या नणंदबाईंचं लक्ष आधीपासून तिच्याकडेच होतं. त्यांच्या हातात त्यांची जोडी होती, तरी म्हणाल्या, "आप्पा, मला तो द्या की. आईनं मला तोच दिला असता."

"दिला असता," आप्पा म्हणाले. "ती दिल्याबिगर ऱ्हायली नसती."

तो मासा गेला असता तर मला काय वाटलं असतं ते मला चांगलं माहीत होतं. पण शब्द माझा नव्हता.

आप्पांनी पिशवी उचलली. "ते कुंकवाचं ताट घे," ते थोरल्या नणंदबाईंना म्हणाले, "आन हिची वटी भर."

नणंदबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "का? ही कुठं निघालीय?"

"कुठं न्हाई निघाली," आप्पा म्हणाले. "जाणारीला समदं दिलं. ऱ्हाणारीचं द्यायचं ऱ्हाऊन गेलं."

थोरल्या नणंदबाईंनी हातातली जोडी गाडीच्या बॉनेटवर ठेवली, ताट घेतलं, मला कुंकू लावलं. ओटीत खण घातला, नारळ घातला. आप्पांनी पिशवी माझ्या हातात दिली. ती हाताला गार लागली आणि वाटली होती त्यापेक्षा जड होती. मी पाया पडले तर त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढला, सवय नव्हती त्यांना.

गाड्या गेल्या. आप्पा कारभाऱ्याला भाकरी घालायला वर गेले. मी पिशवी घेऊन तिथेच उभी राहिले. मग बैलांच्या मानांनी गुळगुळीत झालेल्या कडेवर बसले, रबर सोडलं आणि पिशवी हौदात तिरपी केली. आधी मादी बाहेर पडली. तो थोडा रेंगाळला, मग तलवार सावरत तिच्या मागोमाग शेवाळात गेला. शेवाळाच्या कडेला काहीतरी हललं म्हणून मी वाकून पाहिलं. शेंगदाण्याच्या सालापेक्षाही लहान, पुष्कळ होती.

मी पिशवी नळाखाली धुतली, उलटी करून दोरीवर चिमट्याने लावली. पुढच्या खेपेला लागेल.